बोल्ट फिरतो, पण निघत नाही: लोअर आर्मच्या जाम बोल्टांविषयी

माहीमला राहणाऱ्या एका गाडीमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची २००६ सालची हॅचबॅक इतकी वर्षे समुद्राच्या अंगाला उघड्यावरच उभी राहिली आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओत न्यायची आहे आणि त्याआधी पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या भुजेचे, फाटलेले बुश (रबरी सांधे) बदलायचे आहेत. डाव्या बाजूच्या पुढच्या बोल्टाचा नट निघाला; बोल्ट पान्याने फिरतोही, पण रबराचा कर्रकर्र आवाज येतो आणि तो बाहेर काही सरकत नाही. मागचा बोल्ट गाडीच्या सांगाड्यात आतून वेल्ड केलेल्या नटात जातो, तो जागचा हलायलाच तयार नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ‘गॅस मारू, दहा मिनिटांचे काम आहे.’ गॅस मारू द्यावा का, आणि नाही तर काय करावे?

गॅस मारू देऊ नये, निदान इतक्यात तरी नाही. परळच्या गॅरेजमध्ये तीसहून अधिक वर्षे याच कामात गेल्यावर माझे मत असे झाले आहे की जाम बोल्टाच्या कामात माणसे चुकीची वस्तू वाचवायला जातात. बोल्ट काही रुपयांचा असतो, आणि बुश बदलायचेच असल्यामुळे तेही टाकाऊच असतात. फार तर अख्खा आर्म नवा घेता येतो. बदलता येत नाही तो क्रॉस मेंबरचा (पुढच्या भागाखालच्या आडव्या तुळईचा) कान, म्हणजे ज्या दोन पत्र्यांच्या मध्ये बुश बसतो ते पत्रे, आणि सांगाड्याच्या आत वेल्ड केलेला नट. म्हणून हत्यार उचलण्यापूर्वी त्याने कानाला किंवा त्या नटाला धोका आहे का, हे आधी पाहावे. गॅसकटरच्या ज्वाळेने दोनतीन मिलिमीटर जाडीचा कान वाकडा होतो किंवा त्याला भोक पडते, आणि मग दहा मिनिटांच्या कामासाठी क्रॉस मेंबर उतरवावा लागतो.

आपल्या गाडीतले दोन बोल्ट जाम असले तरी दोघांचा आजार वेगळा आहे. पुढचा बोल्ट आट्यांत जाम नाही, कारण त्याचा नट निघाला आहे. तो बुशच्या आतल्या पोलादी नळीत जाम आहे. बुश म्हणजे बाहेर एक नळी, आत एक नळी आणि मध्ये चिकटवलेले रबर. बोल्ट आतल्या नळीतून जातो आणि घट्ट केला की ती नळी दोन कानांमध्ये आवळली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळले जाते. बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, आणि कारखान्यात तिथे बहुधा वंगण लावलेले नसते. पावसाळ्यात हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ते पाणी या फटीत केशाकर्षणाने ओढले जाते, आणि वाऱ्याला वाट नसल्यामुळे कित्येक दिवस सुकत नाही. मुंबईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय माहीमच्या खाऱ्या हवेतले मीठ धातूवर बसून हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे कोरड्या दिवसांतही गंजाचे काम चालू राहते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा नळीत नसते, म्हणून तो बोल्टाला चहूबाजूंनी चावतो. परदेशांतल्या थंड प्रदेशांत रस्त्यावर बर्फासाठी टाकलेले मीठ हेच करते, त्यामुळे तिकडच्या मेकॅनिकांचे उपाय आपल्याकडेही बऱ्याच अंशी लागू पडतात.

निदान पक्के करण्याची एक साधी रीत आहे. बोल्टाच्या डोक्यावर आणि दुसऱ्या टोकावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढावी. कान आणि बुश यांच्यामधून डोकावणारी नळीची कड पॉलिश पेपरने चकचकीत करून तिथेही एक रेघ मारावी, आणि मग टॉर्चच्या उजेडात बोल्ट हळू फिरवावा. दोन्ही टोकांच्या रेघा बरोबर फिरल्या आणि नळीवरची रेघही त्यांच्याबरोबर गेली, तर बोल्ट आणि नळी एकजीव झाली आहेत. डोक्याची रेघ पुढे गेली आणि टोकाची मागे राहिली, तर बोल्ट पिळवटतो आहे. तिथेच थांबावे, कारण पुढच्या हिसक्याला तो तुटणार. आपण लिहिलेला रबराचा आवाज पाहता पुढच्या बोल्टाविषयी मला शंका उरलेली नाही.

या आजारावर गंज सोडवणारे तेल जवळजवळ निरुपयोगी आहे, हे अनेकांना पटत नाही. नळी पन्नास-साठ मिलिमीटर लांब असते, तेल फक्त दोन टोकांकडून आत शिरू शकते, आणि मधली फट गंजाने ठासून भरलेली असते. तीन दिवस रोज फवारून चौथ्या दिवशी बोल्ट कापला, तर मधला भाग कोरडाच सापडतो. हे मी स्वतः पाहिले आहे. जाता जाता सांगायचे तर डब्ल्यूडी-४० या नावातली इंग्रजी अक्षरे पाणी हटवणे या अर्थाची आहेत आणि चाळीस हा चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा आहे. ते मुळात ओल दूर ठेवण्यासाठी बनवलेले द्रव्य आहे. जाम आट्यांसाठी गंज सोडवणारे वेगळे तेल मिळते, ते घ्यावे. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळून काही जण घरीच मिश्रण करतात. ते आत चांगले शिरते, पण अॅसिटोन भुरकन पेटते आणि रंग उतरवते, म्हणून ठिणगीच्या किंवा आगीच्या कामाआधी मी ते कधीच वापरत नाही.

नळीत अडकलेल्या बोल्टाला खरा उपाय म्हणजे तो कापणे. त्याआधी एकदा नट पुन्हा थोडा चढवून, आटे झाकून, टोकावर तांब्याचा किंवा पितळेचा ठोकळा धरून हातोड्याचे पाचसहा ठोके देऊन पाहावेत. क्वचित तेवढ्याने काम होते. झाले नाही तर घण उचलू नये, कारण ठोक्यांचा सगळा मार कानावर बसतो आणि बोल्टाचे टोक छत्रीसारखे फुलून भोकातून जाण्याच्या लायकीचे राहत नाही. कापण्यासाठी पुढेमागे चालणारी विजेची करवत मिळाली तर उत्तम. तिला धातूचे बारीक दातांचे, इंचाला अठरा ते चोवीस दातांचे पाते लावावे. ती नसेल तर हॅक्सॉचे नुसते पाते एका टोकाला कापड गुंडाळून, नळीची कड आणि कान यांच्यामधल्या फटीत घालून हाताने कापता येते. अर्धा तास लागतो आणि खांदा दुखतो, पण कानाला ओरखडाही येत नाही. फट दिसत नसेल तर आधी पेचकसाने आर्म एका बाजूला दाबून ती उघडावी लागते. पाते कापत असताना थेंबथेंब तेल सोडत राहावे आणि वेग कमी ठेवावा, कारण हा बोल्ट साध्या लोखंडाचा नसतो, डोक्यावर ताकदीची प्रत सांगणारा ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो आणि घाईने कापले तर पात्याचेच दात जातात. ग्राइंडरची चकती मी इथे शक्यतो वापरत नाही. तिला जागा जास्त लागते आणि हात हलला तर ती प्रथम कानच खाते. दोन्ही बाजूंनी कापले की आर्म बुशसकट खाली येतो आणि कानातले दोन तुकडे बोटाने ढकलले तरी पडतात.

मागच्या बोल्टाची गोष्ट निराळी आहे आणि तिथे खरा संयम लागतो, कारण त्याचा नट हाताने धरता येत नाही. तो पेटीसारख्या बंद भागात दोनतीन ठिपक्यांच्या वेल्डवर टिकलेला असतो. बोल्ट सुटण्याआधी वेल्ड सुटला तर नट बोल्टाबरोबर आतल्या आत गरगर फिरत राहतो. असे झाल्याची खूण म्हणजे आतापर्यंत घट्ट असलेला बोल्ट एकदम हलका फिरू लागतो, पण बाहेर येत नाही.

मी उमेदवारीत असताना गिरगावातल्या एका गाडीवर हेच केले होते. वस्ताद जेवायला गेले होते आणि मला कर्तबगारी दाखवायची होती. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर पाइप चढवून मी त्यावर अक्षरशः लटकलो. बोल्ट फिरला, मला आनंद झाला, आणि तो फिरतच राहिला. मग क्रॉस मेंबरला बाजूने चौकोनी खिडकी कापून, आत चपटा पाना घालून नट धरावा लागला. नंतर नट पुन्हा वेल्ड करून, खिडकीचा तुकडा बसवून, जस्ताचा प्रायमर आणि आतून मेण असे सगळे करता करता दोन दिवस गेले. वस्तादांनी मला रागावून काही म्हटले नाही, पण त्या दोन दिवसांत कुणालाही दांड्यावर पाइप चढवू दिला नाही.

त्या पाइपचा हिशेब सांगतो, म्हणजे प्रकरण ध्यानात येईल. बारा मिलिमीटरचा सस्पेन्शनचा बोल्ट साधारणपणे शंभर न्यूटन मीटरच्या आसपास पिळाने (टॉर्कने) आवळतात. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकावर चाळीस किलोचा भार दिला तर सुमारे दोनशे न्यूटन मीटर होतात, आणि एक मीटरच्या पाइपवर साठ किलोचा माणूस लटकला तर जवळजवळ सहाशे. एवढ्या पिळाला तो बोल्ट किंवा ते वेल्डचे ठिपके यांपैकी काहीतरी जाणारच. म्हणून मागच्या बोल्टावर अर्ध्या मीटरपेक्षा लांब दांडा मी लावू देत नाही.

इथे मात्र तेल कामाचे आहे, कारण अडचण आट्यांत आहे आणि नटाच्या वरच्या बाजूने वाट मिळू शकते. बहुतेक गाड्यांच्या सांगाड्याला त्या जागेजवळ एखादे भोक असते, त्यातून फवाऱ्याची बारीक नळी आत घालून नटावर तेल सोडता येते. बोल्टाचे टोक नटाच्या पलीकडे बाहेर आलेले असेल तर त्या उघड्या आट्यांवरचा गंज आधी तारेच्या ब्रशने काढणे फार महत्त्वाचे आहे. बोल्ट सोडताना तोच गंजलेला भाग नटातून मागे यायचा असतो; तो साफ केला नाही तर अर्ध्या वाटेत आटे एकमेकांत रुततात आणि सुटत आलेला बोल्ट पुन्हा जाम होतो. हे तेल-ब्रशचे काम दोनतीन संध्याकाळी थोडे थोडे करावे, आणि दरवेळी बोल्टाच्या डोक्यावर सरळ, मध्यम ताकदीचे दहाबारा ठोके द्यावेत. त्या धक्क्यांनी गंजाच्या थराला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

त्यानंतर पान्याची गोटी (सॉकेट) लावावी, आणि ती सहा कोनांचीच असावी. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांवरच जोर देते, आणि वीस वर्षांचे डोके आधीच गंजून थोडे लहान झालेले असते. एकदा कोपरे गोल झाले की पुढचे सगळे उपाय महाग होत जातात. आधी बोल्ट आवळण्याच्या दिशेला किंचित, अगदी दोनतीन अंशांइतका हलवून पाहावा आणि मग सोडण्याच्या दिशेला न्यावा. हलला की सलग सोडत सुटू नये. पाव फेरा सोडावा, थोडा परत आवळावा, तेल टाकावे, पुन्हा पाव फेरा. इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारे यंत्र) असेल तर तिचे छोटे छोटे ठोके एकाच दिशेच्या सलग जोरापेक्षा आट्यांना जास्त मानवतात, पण वेल्डच्या नटावर ती पूर्ण ताकदीवर कधीच लावू नये.

एक शक्यता आत्ताच सांगून ठेवतो. मागचा बोल्टही नळीतच अडकलेला असू शकतो, आणि मग तो आट्यांतून सुटूनही दोनतीन मिलिमीटर बाहेर येऊन थांबेल, कारण त्याच्याबरोबर सरकणारी नळी बाहेरच्या कानाला टेकते. तसे झाले तर आणखी जोर लावण्याऐवजी फक्त डोक्याच्या बाजूने बोल्ट कापावा, रबर सुरीने कापून आर्म ओढून काढावा, आणि नटात उभ्या राहिलेल्या बोल्टावर जी नळी घट्ट बसली आहे तिलाच पाइप पान्याने धरून उरलेला भाग फिरवून काढावा. जो गंज इतका वेळ आपल्या आड येत होता, तोच आता मूठ पुरवतो. अशा वेळी आत रुतलेला तुकडा काढायला ड्रिल आणि उलट्या आट्यांचा काढणारा स्क्रू वापरण्याचा सल्ला काही जण देतील. तो स्क्रू फार कडक असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने भोसकता येत नाही, आणि या जागी तो तुटतोच. बाहेर आलेल्या तुकड्यावर एक मोठा नट ठेवून तो आतून वेल्ड करणे बरे, कारण त्यात पकडही मिळते आणि उष्णताही. वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडायला विसरू नये.

उष्णतेला माझा सरसकट विरोध नाही. पोलाद दर अंशाला एका मीटरमागे सुमारे बारा मायक्रोमीटर प्रसरण पावते. बारा मिलिमीटरचे भोक असलेला नट पाचशे अंशांनी तापवला तर त्याचे भोक सुमारे सात शतांश मिलिमीटरने मोठे होते. हे ऐकायला नगण्य वाटते, पण गंजाची पकड मोडायला पुरते, आणि निवतानाच्या आकुंचनाने तडे आणखी वाढतात. मात्र तापवायचा नट, बोल्ट नव्हे, आणि तापवायचा तोही सगळे रबर, ब्रेकचा होज आणि ड्राइव्ह शाफ्टचे बूट दूर केल्यावर. शॉकअॅब्सॉर्बरला आच लागता कामा नये, त्यात दाबाखाली वायू असतो. ब्रेक साफ करायच्या क्लोरीनयुक्त फवाऱ्याने ओली केलेली जागा तापवली तर विषारी वायू तयार होतो, हे गॅरेजमध्येही अनेकांना ठाऊक नसते. विजेच्या वेटोळ्याने तापवणारा इंडक्शन हीटर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून हे काम करून घ्यावे. ज्वाळा नसल्यामुळे उष्णता जिथे हवी तिथेच राहते. तापवलेला बोल्ट मात्र पुन्हा वापरू नये, कारण ८.८ आणि १०.९ या प्रतीच्या बोल्टांना त्यांची ताकद कारखान्यातल्या ठरावीक उष्णता-प्रक्रियेतून मिळालेली असते आणि लालबुंद केल्यावर ती जाते.

घरच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर दोन्ही पुढची चाके एकदम उचलावीत, एकच नव्हे. एकच उचलले तर दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि बोल्ट निघताच आर्म झटक्याने उडतो. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवावी, नुसत्या जॅकवर नाही, आणि सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर घोडा रुतू नये म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा घालावा. गंजाचे कण डोळ्यांत पडतात, म्हणून चष्मा लावावा.

नव्या बोल्टाविषयी. नागदेवी स्ट्रीटला हवा तो बोल्ट मिळतो, पण जुना तुकडा बरोबर न्यावा. दुकानात बारा मिलिमीटरचा बोल्ट मागितला की सर्रास १.७५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधले मिलिमीटरमधले अंतर) हातात पडतो, आणि मोटारीत बहुधा १.२५ किंवा १.५ चा बारीक पिच असतो. प्रत तीच किंवा तिच्याहून वरची असावी, आणि पूर्ण लांबीभर आटे असलेला बोल्ट घेऊ नये. कानाच्या भोकात गुळगुळीत दांडाच टेकला पाहिजे, आटे टेकले तर ते हळूहळू झिजून भोक मोठे होते. नायलॉनचे कडे असलेला नट नवाच घालावा. बसवताना बोल्टाच्या दांड्याला, जो नळीत जाणार आहे तिथे, जाम होऊ न देणारी पेस्ट पातळ लावावी. आट्यांना ती लावू नये. घर्षण कमी झाल्यामुळे पुस्तकातल्या टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र शेवटच्या आवळण्यात होते. चाके लोंबकळत असतानाच बोल्ट घट्ट केले, तर बुशची नळी त्या स्थितीत आवळली जाते, आणि गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते. असे बुश काही महिन्यांत पुन्हा फाटतात आणि दोष नव्या बुशला दिला जातो. म्हणून बोल्ट आधी फक्त टेकवावेत, गाडी चाकांवर उतरवावी किंवा चाकांखाली जाड फळ्या देऊन आर्म नेहमीच्या उंचीला आणावा, आणि मगच टॉर्क पान्याने अंतिम आवळण करावे. आरटीओत नेण्याआधी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, कारण आर्म काढल्यावर चाकाचा कोन थोडा तरी हलतोच.

पावसाळ्याआधी गाडीला खालून डिझेल वॉश देण्याची पद्धत काही सर्व्हिस स्टेशनांत अजून चालते. डिझेलने पत्र्याचा गंज थोडा लांबणीवर पडतो, पण रबर फुगते आणि सैल पडते. नवे बुश बसवल्यावर त्या गाडीला तो वॉश देऊ नये.

उजवी बाजू अजून उघडलेली नाही, असे आपल्या मजकुरावरून दिसते. तिथल्या मागच्या बोल्टावर आज रात्रीपासूनच तेल सोडायला सुरुवात करावी, म्हणजे डाव्या बाजूचे काम होईपर्यंत त्याला तीनचार दिवस मिळतील.